काळ्या स्क्रीनमागची भांडणं

रात्री पावणेअकराला नाशिकहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला.

"मामा, काहीच दिसत नाहीये. नुसती काळी स्क्रीन. डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय, बस."

तिने फोन फिरवून मॉनिटरसमोर धरला. रेघ खरंच लुकलुकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिला कॉलेजात तीस सेकंदांचं ॲनिमेशन द्यायचं होतं. फाइल ब्लेंडरमध्ये, ब्लेंडर त्या डबड्यात, आणि डबडं आंधळं झालेलं.

डबडं म्हणजे तिने स्वतःच्या पैशांनी घेतलेला सेकंडहँड पीसी. त्यात विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे मोफत अपडेट बंद झाले आणि तिचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता. "लिनक्स टाक की," असं मीच तिला म्हणालो होतो. तिने टाकलं. दोन आठवडे छान चाललं. मग रेंडर करायची वेळ आली. तीस सेकंद, सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे ७२० फ्रेम. नुसत्या प्रोसेसरवर एका फ्रेमला दोन मिनिटं लागत होती. म्हणजे पूर्ण चोवीस तास. ग्राफिक्स कार्ड कामाला लागलं, तर हेच काम पाच-सहा तासांत उरकलं असतं. म्हणून संध्याकाळी तिने मला विचारलं, आणि मी गाडी पार्क करता करता फोनवर सांगितलं, "सेटिंगमध्ये कार्डाचा ड्रायव्हर दिसेल, तो टाक, रीस्टार्ट कर. मध्ये काही विचारलं तर एंटर मारत जा."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याच अंगाशी येणार आहे.

त्या रात्री आम्ही दोघांनी फोनवरून जे केलं, ते तसं चार-पाच पायऱ्यांचं काम आहे. पण प्रत्येक पायरीवर मला जाणवत होतं, की ही पायरी इथे आहे, कारण कधी तरी कोणी तरी यावरून भांडलं होतं.

अक्षरांची खोली

"कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाब," मी म्हणालो.

काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली आणि तिचं नाव विचारू लागली. ती म्हणाली, "अय्या, हे तर जिवंत आहे!"

लिनक्स शिकणाऱ्याला सगळ्यात आधी हेच सांगायला हवं. स्क्रीन काळी झाली म्हणजे संगणक मेला असं नसतं. चित्रं काढणारा विभाग वेगळा असतो. तो कोसळला तरी खाली अक्षरांची खोली शाबूत असते.

ही फारकत जुनी आहे. खिडक्या, बटणं, माउसचा बाण हे दाखवणारी 'एक्स' नावाची प्रणाली १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झाली. तेव्हा लिनक्स नव्हतंच. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. तिला खिडक्या हव्या होत्या, म्हणून 'एक्स' तिच्यावर आणून बसवली गेली. साध्या पीसीवर चालणारी तिची एक आवृत्ती होती 'एक्स-थ्री-एटी-सिक्स'. ती पुढे विकत मिळू लागली, तेव्हा काही प्रोग्रामरांनी मोफत राहणारी शाखा काढली आणि गमतीने तिचं नाव ठेवलं 'एक्स-फ्री-एटी-सिक्स'. थ्रीचं फ्री. म्हणजे लिनक्सवरच्या चित्रांच्या इतिहासात नावापासूनच भांडण आहे.

२००३ साली मी कॉलेजच्या हॉस्टेलवर एका मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून पहिल्यांदा लिनक्स टाकलं. तेव्हा मॉनिटरची माहिती एका फाइलमध्ये हाताने लिहावी लागे. आडवी ओळ सेकंदाला किती हजार वेळा रंगवायची, उभा फेरा किती वेळा मारायचा. आकडे चुकले तर मॉनिटर खराब होऊ शकतो, असा इशारा माहितीपत्रकात असायचा. त्या काळातल्या काचेच्या पोटल्या मॉनिटरांना तो खरा धोका होता. मी आकडे अंदाजाने टाकले, मॉनिटर चिरक्या आवाजात किंचाळला आणि मी प्लग ओढला. पार्टनरचा मॉनिटर होता. नंतर आठवडाभर त्याच्याशी जरा जास्तच गोड वागत होतो.

आज भाचीला हे आकडे माहीतही नाहीत. २००९ च्या सुमारास मॉनिटर ओळखून योग्य आकार लावायचं काम लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली. कधी कधी ते जमत नाही. तेव्हा सुरुवातीच्या मेन्यूत 'नोमोडसेट' हा शब्द लिहून कर्नलला सांगता येतं, की बाबा रे, तू आकार ठरवू नकोस, आहे तसं साधं चित्र दाखव. अक्षरांची खोली उघडली नसती, तर आम्हीही तेच करणार होतो.

एक प्रिंटर आणि एक नकार

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. कर्नलला सगळ्या कार्डांची भाषा येत नाही. एक ग्राफिक्स कार्ड दुसऱ्यासारखं बोलत नाही. मधला दुभाषा दोन्हीकडची भाषा जाणतो. प्रश्न एवढाच, की हा दुभाषा कोणाचा माणूस?

या प्रश्नाची सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून झालेली नाही. ती प्रिंटरपासून झाली. १९८० च्या आसपास एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर भेट मिळाला. तो दुसऱ्या मजल्यावर असायचा आणि कागद अडकला की कोणाला कळायचं नाही. रिचर्ड स्टॉलमन तिथे प्रोग्रामर होता. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्याने सोय करून ठेवली होती, की कागद अडकला तर वाट बघणाऱ्यांना निरोप जावा. नव्या प्रिंटरमध्ये तेच करायचं, तर त्याचा सोर्स कोड हवा. तो कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे होता. स्टॉलमन त्याच्याकडे गेला. त्याने नकार दिला, कारण कोड कोणाला न देण्याच्या करारावर त्याने सही केली होती.

स्टॉलमनने हा नकार आयुष्यभर विसरला नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि १९८९ मध्ये ज्या परवान्याने सगळं बदललं, तो जीपीएल आला: कोड घ्या, बदला, वाटा, पण पुढे देताना तोही उघडाच द्या. टोरवाल्ड्सने १९९२ मध्ये लिनक्स याच परवान्याखाली आणलं.

म्हणजे ज्या जगात भाची दोन आठवड्यांपूर्वी शिरली, त्याचा पाया एका बंद ड्रायव्हरच्या रागावर उभा आहे.

बंद खोका

एनव्हिडिया ही कंपनी १९९३ साली तिघांनी काढली. १९९९ मध्ये तिने जीफोर्स २५६ हे कार्ड आणलं आणि 'जगातला पहिला जीपीयू' अशी त्याची जाहिरात केली. लिनक्ससाठीही तिने ड्रायव्हर दिला, पण बंद. बाहेर कर्नलशी जुळवून घेणारं पातळ उघडं टरफल आणि आत कोणालाही न दिसणारा गाभा. त्या ड्रायव्हरने खेळ उत्तम चालायचे. हे कबूल करायला हवं, कारण लिनक्सच्या गप्पांत लोक हे सोयीने विसरतात.

अडचण दुसरीकडे होती. लिनक्स कर्नल आतून सतत बदलतं, आणि त्याचे कर्ते हे मुद्दाम तसं ठेवतात. त्यांचं म्हणणं असं: तुमचा ड्रायव्हर आमच्या घरात आणा, मग आम्ही भिंत हलवली तर तुमचं कपाटही आम्हीच हलवू. घराबाहेर राहायचं असेल, तर दार कुठे सरकलं हे दर वेळी तुम्ही शोधायचं. बंद ड्रायव्हर चढवला की कर्नल स्वतःवर 'टेंटेड' असा शिक्का मारून घेतं. आपल्या भाषेत विटाळलेलं. अशा यंत्रावरच्या बिघाडाची तक्रार कर्नलवाले सहसा ऐकून घेत नाहीत. मला हा शब्द कधीच आवडला नाही. विटाळ म्हटलं की आपल्याकडे काय काय आठवतं, ते सांगायला नको. पण त्यामागची अडचण खरी आहे. आत काय चाललंय ते दिसतच नसेल, तर दुरुस्त काय करणार?

मग काही जणांनी तो दुभाषा स्वतःच घडवायचं ठरवलं. २००५-०६ च्या सुमारास स्टेफान मार्शेसाँ या फ्रेंच प्रोग्रामरने 'नूव्हो' प्रकल्प सुरू केला. कंपनीने भाषा शिकवली नाही, म्हणून यांनी चोरून ऐकली. बंद ड्रायव्हर कार्डाच्या कोणत्या कप्प्यात काय लिहितो याची नोंद घ्यायची आणि त्यावरून अर्थ लावायचा. शेजारच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या आवाजावरून भाजी कोणती ते ओळखायचं, तसं. असं करत करत २०१० मध्ये नूव्हो कर्नलमध्ये पोहोचला. पण पुढे २०१४ पासूनच्या कार्डांत कंपनीने सही केलेलं फर्मवेअर आणलं. सहीशिवाय कार्डाचा वेग वाढवता येईना. नूव्होवाले दारापर्यंत पोहोचले आणि कुलूप बदललं गेलं.

दुसरी मोठी कंपनी होती एटीआय. तिचेही लिनक्स ड्रायव्हर बंदच आणि त्यांची कीर्ती काही चांगली नव्हती. २००६ मध्ये एएमडीने ती विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये जाहीर केलं, की आम्ही कार्डांची माहिती खुली करतो, ड्रायव्हर तुम्हीही लिहा. त्या निर्णयाचं फळ यायला काही वर्षं लागली, पण आलं. २०१५ मध्ये 'एएमडीजीपीयू' हा उघडा ड्रायव्हर कर्नलमध्येच आला. इंटेलचा तर आधीपासून तिथे होताच. या दोघांचं कार्ड असलं, की सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही.

जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्सचं भाषण होतं. श्रोत्यांतल्या एका बाईने विचारलं, की मी एनव्हिडियाच्या ऑप्टिमस तंत्राचा लॅपटॉप घेतला आणि लिनक्सवर कंपनी काही मदतच करत नाही, हे असं का? टोरवाल्ड्सने उत्तर दिलं, की आम्हाला भेटलेल्या कंपन्यांत ही सगळ्यात वाईट. मग कॅमेऱ्याकडे वळून त्याने मधलं बोट दाखवलं. तो व्हिडिओ जगभर फिरला. टाळ्या त्या बोटाला मिळाल्या. प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या लॅपटॉपचं पुढे काय झालं, हे मात्र त्या हशात कोणी विचारलं नाही. मला आता त्यांच्याबद्दल जास्त कुतूहल आहे. त्याही एक दिवस नवं मशीन घेऊन आल्या होत्या आणि त्यांना फक्त ते चालायला हवं होतं.

आणि उघडं असलं म्हणजे शहाणंच असतं, असंही नाही. त्याच ऑप्टिमस लॅपटॉपसाठी स्वयंसेवकांनी 'बंबलबी' नावाचा प्रकल्प केला होता. २०११ मध्ये त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये खोडण्याच्या आज्ञेत एक स्पेस जास्त पडली. खोडायचा होता एक छोटा फोल्डर. त्या एका मोकळ्या जागेमुळे यंत्राचा अख्खा 'यूएसआर' विभाग पुसला जायचा, ज्यात जवळपास सगळे प्रोग्राम असतात. उघड्या कोडचा फायदा असा, की चूक सगळ्यांना दिसली आणि दुरुस्त झाली. पण ज्यांचं पुसलं गेलं, त्यांचं गेलंच.

किल्ली

बारा वाजून गेले होते. भाची अक्षरांच्या खोलीत बसून मी सांगेन ते टाइप करत होती आणि दर वेळी विचारत होती, "पण हे कशाला?" मी दोनदा "आत्ता नको, नंतर सांगतो" म्हणालो. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मामा, संध्याकाळी पण तू असंच सांगितलंस."

मी गप्प बसलो. मग सांगायला लागलो.

पहिला प्रश्न: ड्रायव्हर यंत्रात आहे का? होता. दुसरा: तो याच कर्नलसाठी तयार झालाय का? पूर्वी दर नव्या कर्नलला हे काम हाताने करावं लागे. २००३ मध्ये डेल कंपनीच्या लिनक्स चमूने 'डीकेएमएस' लिहिलं, ते कर्नल बदललं की ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधून घेतं. बाहेर राहणाऱ्या भाडेकरूसाठी दार शोधून देणारा माणूस म्हणा. त्याने काम चोख केलं होतं. तिसरा: मग कर्नलने तो चढवला का?

नाही. नोंदवहीत ओळ होती: किल्ली नाकारली.

"रीस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन आली होती का?" मी विचारलं.

"हो. इंग्रजीत काही तरी होतं. तू म्हणालेलास एंटर मार."

चूक यंत्राची नव्हती, कार्डाची नव्हती आणि तिची तर अजिबात नव्हती.

त्या निळ्या स्क्रीनची गोष्ट अशी. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत नव्या पीसींवर 'सिक्युअर बूट' सक्तीचं झालं. संगणक सुरू होताना ज्यावर ओळखीची सही नाही, ते चालवायचंच नाही. हेतू चांगला होता, कारण काही व्हायरस ऑपरेटिंग सिस्टिमच्याही आधी जागे होतात. पण सही मायक्रोसॉफ्टची. मग लिनक्सचं काय? घबराट झाली. मॅथ्यू गॅरेट या प्रोग्रामरने 'शिम' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. शिम म्हणजे दोन भागांत सरकवायची पातळ पाचर. त्या एकाच पाचरीवर मायक्रोसॉफ्टची सही घ्यायची आणि पुढची तपासणी पाचरीने करायची. सूझे या लिनक्स कंपनीतल्या लोकांनी त्यात एक कल्पना घातली: यंत्राच्या मालकाला स्वतःची किल्लीही नोंदवता यावी. तिचं नावच आहे मशीन ओनर की. मालकाची किल्ली.

डीकेएमएसने भाचीचा ड्रायव्हर तिच्याच यंत्रावर बांधला आणि तिथेच बनवलेल्या किल्लीने त्यावर सही केली. आता ती किल्ली खरी मानायची का, हे निळी स्क्रीन विचारत होती. तिथला पहिला पर्याय असतो, तसंच पुढे जा. एंटर मारला की तोच निवडला जातो. किल्ली नोंदवली गेली नाही. कर्नलने अनोळखी सहीचा ड्रायव्हर दारातच अडवला. तो बसवताना जुना उघडा ड्रायव्हर आधीच बाजूला केलेला. म्हणून चित्र काढायला कोणीच उरलं नाही.

"मग तूच कर ना तिकडून," ती म्हणाली. "ते रिमोटचं काही तरी असतं ना?"

तेच करता येत नाही. मुद्दामच. निळी स्क्रीन ऑपरेटिंग सिस्टिम सुरू व्हायच्या आधी येते, तेव्हा नेटवरून कोणी आत असू शकत नाही. कीबोर्डसमोर प्रत्यक्ष बसलेला माणूसच हो म्हणू शकतो. चोराला लांबून स्वतःची किल्ली लावता येऊ नये, म्हणून ही सोय. मामालाही नाही.

तिने एक आज्ञा देऊन किल्ली पुन्हा नोंदणीला लावली, एक तात्पुरता पासवर्ड ठरवला, मला सांगितला नाही, आणि रीस्टार्ट केलं. निळी स्क्रीन आली. या वेळी तिने मोठ्याने, थांबत थांबत, प्रत्येक ओळ वाचून दाखवली. बाण खाली. एन्रोल. हो. पासवर्ड. पुन्हा रीस्टार्ट.

एक वाजून दहा मिनिटांनी लॉगिनचं पान आलं. ब्लेंडरला कार्ड दिसलं. पहिली फ्रेम अठ्ठावीस सेकंदांत निघाली. ७२० ला गुणलं: साडेपाच तास आणि वर थोडी मिनिटं. ती झोपायला गेली नाही. मीही नाही.

फोन धरलेला हात

दीड वाजता माझ्या लक्षात आलं, की रात्रभर ती एका लिनक्ससमोर दुसरं लिनक्स धरून बसली होती. अँड्रॉइडचा गाभा लिनक्स कर्नलच आहे. तुम्ही हे ज्यावर वाचताय, त्यातही बहुधा तेच (आयफोन असेल तर हा परिच्छेद सोडा). त्यातही ग्राफिक्सचा दुभाषा असतो आणि कंपनीने दिलेला तो बहुतेकदा बंद असतो. चांगला चालणारा फोन तीन वर्षांत अपडेटला मुकतो, त्यामागचं एक मोठं कारण हेच: चिपच्या कंपनीने नव्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर दिले नाहीत, की फोन बनवणाऱ्याचे हात बांधले जातात. गूगलने २०१७ मध्ये 'ट्रेबल' नावाची योजना आणून ड्रायव्हर आणि अँड्रॉइड यांच्यात पक्की भिंत घातली, ती याच दुखण्यावर. फोनवर हे भांडण आपल्याला काळी स्क्रीन म्हणून दिसत नाही. नवा फोन घ्यावा लागतो, तेव्हा दिसतं.

दरम्यान मोठं भांडण थोडं निवळलंय. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हरचा भाग खुल्या परवान्याने प्रसिद्ध केला, आणि २०२४ मध्ये नव्या कार्डांसाठी तोच मुख्य करत असल्याचं जाहीर केलं. नूव्हो वर्षानुवर्षं सांभाळणारा बेन स्केग्स २०२३ मध्ये त्यातून बाहेर पडला होता. काही महिन्यांत तो एनव्हिडियात गेला आणि तिथून नूव्होसाठीच कोड पाठवू लागला. मन बदललं की बाजार? २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातले पहिले ५०० महासंगणक सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात, आणि आज ही कार्डं विकली जातात ती मुख्यतः तशाच लिनक्स यंत्रांना. आल्टोमधल्या बोटापेक्षा या गिऱ्हाईकांचा जोर जास्त असावा, असं मला वाटतं. आणि अजूनही ड्रायव्हरचे वरचे थर आणि कार्डातलं फर्मवेअर बंदच आहे.

सकाळी सात वाजता भाचीचा मेसेज आला. शेवटची फ्रेम निघाली होती. सोबत एक फोटो होता: वहीचं पान. त्यावर तिच्या अक्षरात रात्रीच्या पायऱ्या, एकाखाली एक, आणि प्रत्येकीसमोर 'कशाला' या शीर्षकाचा रकाना, भरलेला. सर्वात खाली अधोरेखित केलेली एक ओळ होती.

'मामा एंटर मार म्हणाला तरी आधी वाचायचं.'